दाभणाची नक्षी

तंदूरची भिंत आत कोसळली तेव्हा होसियत काठाशी वाकलेली होती. राखेचा लोट चेहऱ्यावर आला. काठावर ठेवलेला चेकिच, म्हणजे नानच्या मधोमध टोचे मारायचा खिळ्यांचा ठसा, भिंतीबरोबर आत गेला आणि त्याची लाकडी मूठ निखाऱ्यांत पेटली.

चूक तिचीच होती. मातीत लोकर कालवून घडवलेला नवा तंदूर उन्हात पुरता सुकू द्यावा लागतो, हे मर्गिलान शहरातलं शेंबडं पोरही सांगेल. पण जुना तंदूर मोडल्यापासून धंदा बंद होता, आणि काल चायखान्याचा मालक निशानबाय याने निरोप धाडला होता, "उद्या नान आले नाहीत तर समोरच्या तुराबकडून घेतो. गिऱ्हाइकांना काय नुसता चहा पाजू?" चायखाना तुटला की होसियतकडे उरणार होतं काय? म्हणून तिने भिंत बोटाने दाबून पाहिली, सुकलीय अशी मनाची समजूत घातली आणि पहाटे जाळ केला.

कापडाखाली फळ्यांवर पीठ फुगत होतं. ते काही तिच्यासाठी थांबणार नव्हतं.

"एवढा धूर? वाटलं, रस्त्यावरच्या सगळ्यांना जेवायला बोलावलंत," दारातून आवाज आला. समोरचा तुराब अका, म्हणजे तुराबदादाच होता. दोघांची वर्षानुवर्षांची चढाओढ. ती त्याच्या नानला चामडं म्हणायची, तो तिच्या नानला कागद.

"हसायला आलात ना, अका? हसून घ्या."

"हसतो मागून. आधी फळ्या उचला, होसियतखान. माझा तंदूर तापलाय."

"आणि तुमचं पीठ?"

"ते धन्यासारखंच आळशी आहे. त्याला फुगायला वेळ लागतो."

होसियतला त्याचा भरवसा वाटत नव्हता, पण दुसरा इलाज नव्हता. दोघांनी फळ्या रस्त्यापलीकडे नेल्या. तुराबने तंदूरच्या आत मिठाचं पाणी शिंपडलं. तिने पहिला गोळा हाताने पसरला आणि सवयीने हात बाजूला गेला. तिथे चेकिच होता, पण तुराबचा.

मर्गिलानमध्ये नान कुणाचा हे नक्षीवरून कळतं. होसियतच्या नानवर पाकळ्यांचं फूल असायचं. तिच्या नवऱ्याने, सत्तारने, एकेक खिळा ठोकून तो ठसा बनवला होता. सत्तार गेला, आज ठसाही गेला. तुराबची नक्षी म्हणजे साधी कडी. ती कडी पाहून निशानबाय काय समजायचं ते समजणार होता, आणि उद्यापासून टोपली उचलायला थेट याच दारात येणार होता.

"तुमचाच मारा," ती खाली मान घालून म्हणाली. "पीठ वाया जाण्यापेक्षा बरं."

तुराबने चेकिच हातात घेतला, जरा वेळ पाहिला आणि परत ठेवला. पिठाची पोती शिवायचं दाभण भिंतीला खोचलेलं होतं. ते त्याने जाळावर धरलं, पुसलं आणि गोळ्यावर वाकून एकेक भोक पाडू लागला. हळूहळू पाकळी उमटली. मग दुसरी.

होसियत बघतच राहिली. "तुम्हाला कशी येते ही?"

"रोज सकाळी लोक तुमचे नान घेऊन माझ्या नाकासमोरून जातात. पाठ होणार नाही तर काय?"

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. तो टोचत गेला, ती नान तंदूरच्या भिंतीला चिकटवत गेली. दारात त्याची गिऱ्हाइकं खोळंबली, एक म्हातारा कुरकुरला.

"आज चहा आधी, नान मागून," तुराब मान वर न करता म्हणाला. "पोट बिघडलं तर माझ्यावर घाला."

उजाडल्यावर निशानबाय होसियतच्या दाराशी टोपली घेऊन उभा दिसला. तुराबने हाक मारून त्याला इकडे बोलावलं. निशानबायने चळतीतला वरचा नान उचलला, फुलावरून अंगठा फिरवला, तुकडा मोडून तोंडात टाकला.

"तोच आहे," तो म्हणाला. "उद्या एवढा उशीर नको, आपा."

"उद्याही माझ्याच तंदूरवर भाजतील त्या," तुराब म्हणाला. "त्यांचा नवा बांधून सुकेपर्यंत."

टोपली भरून निशानबाय गेला. आपला धंदा वाचला, आणि ज्याच्या हाती तो आयता पडत होता त्यानेच वाचवला. आभार मानायला होसियत वळली. तुराब आपल्या फळीवरचं कापड काढत होता. पीठ केव्हाच फुगून, बसून, फळीवरून खाली ओघळलं होतं. आंबट वास सुटला होता.

"आळशी म्हणाला होतात ना याला?" तिने विचारलं.

तुराबने ते खरवडायला घेतलं. "आज लवकर उठलं असेल."

होसियतने बाह्या वर सारल्या, त्याची परात ओढली, त्याच्याच पोत्यातलं पीठ ओतलं आणि मळायला बसली.