नीलम्माची सीडी

राजेश्वरीने चौथी सीडी आत ढकलली आणि श्वास रोखून बसली. आत घर्रघर्र झालं, काहीतरी अडखळलं आणि गाडीच्या स्टिरिओने सीडी जीभ दाखवावी तशी परत बाहेर काढली. छोट्या पडद्यावर पुन्हा तेच शब्द उमटले, ‘नो डिस्क’.

“आता काय करू रे नईम?”

नईमचं सात रस्त्याला गाड्यांच्या साउंड सिस्टिमचं दुकान. सकाळी तिचा रडवेला फोन गेला तसा तो दुकान उघडायचं सोडून शुक्रवार पेठेत आला होता.

“ताई, पयली कॉपी एमपीथ्री केली, ती हा जुना सेट वाचत न्हाई. म्हणून ऑडिओ केली. मग कॉपीचा स्पीड कमी करून केली. मग दुसऱ्या कंपनीची कोरी सीडी आणली. आता माझीच अक्कल संपली की.”

शेजारच्या सीटवर तिचे वडील, महादेवप्पा, एक पाय गाडीत आणि एक रस्त्यावर ठेवून बसले होते. अप्पांना माणसं ओळखू येईनाशी होऊन दोन वर्षं झाली होती. पोटच्या मुलीला ते ‘ओ बाई’ म्हणत. गाडी सुरू झाली की घाबरत, चालत्या गाडीचं दार उघडत. फक्त बायकोचं, नीलम्माचं, भजन लागलं की गुडघ्यावर ताल धरून शहाण्यासारखे बसत. नीलम्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मैंदर्गीच्या मठात कुणीतरी तिचा आवाज रेकॉर्ड केला होता, ती सीडी ओरखडे पडून गेली, आणि आधी कॉम्प्युटरवर उतरवून ठेवलेल्या तिच्या आवाजाच्या नकला काही केल्या वाजेनात. फोनवर लावून पाहिलं तर अप्पांनी फोन गटारात फेकला. त्यांच्या लेखी नीलम्मा स्टिरिओच्या त्या फटीत राहत होती.

अप्पांच्या डायलिसिसची मागची पाळी अशीच चुकली होती. पाय इतके सुजले होते की बोट दाबलं तर खळगा तसाच राही. आजही चुकली तर पुढचं माझ्या हातात नाही, असं डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं. रिक्षा बोलावून झाली, अॅम्ब्युलन्स बोलावून झाली. अॅम्ब्युलन्सवाल्याच्या मनगटाला अप्पा कडकडून चावले होते.

“उघडूनच बघतो,” नईम म्हणाला. त्याने सेट डॅशबोर्डमधून ओढून काढला, वरचा पत्रा सोडवला आणि वाकून पाहिलं. “ताई, आत काय सांडलंय? पावडर हाय.”

राजेश्वरीने ती करडी भुकटी चिमटीत चोळली. तिला देवघराचा वास आला. विभूती होती ती.

भजनाला बसण्याआधी अप्पा आधी बायकोच्या कपाळाला तीन बोटांनी विभूती लावत, मग स्वतःच्या. सासूसमोर बायकोचे हे लाड म्हणून बायका नाकं मुरडत, पण अप्पांनी तो नेम कधी मोडला नाही. आणि गाडीत बसल्यावर ते रोज स्टिरिओवरून बोटं फिरवतात, हे राजेश्वरी बघत आली होती. म्हातारा माणूस नमस्कार करत असेल, म्हणून तिने कधी अडवलं नाही. त्यांच्या खिशातली विभूतीची डबी तर तीच भरून देई.

“पुसलं की लागेल ना?”

“पुसलं ताई. सीडी वाचती त्या लेन्सची काच पार घासलीय. आता न्हाई व्हायचं.”

तिने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मोठ्याने ओरडावंसं वाटलं, कुणावर ते कळेना.

इकडे अप्पांनी डबी उघडली, बोटं बुडवली आणि हात पुढे केला. स्टिरिओच्या जागी भोक होतं आणि वायरी लोंबत होत्या. बोटं तिथे चाचपडत राहिली. गड्ड्याच्या जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा त्यांचा चेहरा झाला.

“नीलम्मा?”

राजेश्वरी झुकली आणि तिने आपलं कपाळ त्या बोटांखाली धरलं. बोटं थबकली, मग सावकाश एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरली.

“म्हण की,” अप्पा म्हणाले.

तिला गळा नव्हता. शाळेच्या प्रार्थनेतही बाई तिला नुसते ओठ हलवायला सांगत. तरी तिने सुरुवात केली. पहिलीच ओळ फाटली. पण अप्पांनी बाहेरचा पाय आत घेतला, आणि नईमने बाहेरून दार हळूच लावलं.

गाडी निघाली. गुडघ्यावर ताल सुरू झाला. सात रस्त्याच्या सिग्नलला दुसरं कडवं आठवेना, म्हणून तिने पहिलंच परत म्हटलं. ताल थांबला. अप्पांनी कडू काही चावल्यासारखं तोंड केलं. तिचा जीव दाराच्या कडीकडे लागला. पण अप्पांचा हात तिच्या गिअरवरच्या हातावर आला.

“राजे.”

दोन वर्षांत हे नाव त्या तोंडून आलं नव्हतं.

“काय अप्पा?”

“तुजी आई लई ब्येस म्हणती. तिला म्हणू दे की. तू गाडी चालीव.”

सिग्नल सुटला. राजेश्वरीने ओठ घट्ट मिटले आणि गाडी पुढे काढली. गाडीत आता कुणीच गात नव्हतं, आणि अप्पांनी गुडघ्यावर पुन्हा ताल धरला होता.