परकी साखर

शालूबाईंना माणूस पारखायचा असला की त्या फुकटात पारखत. लेकाच्या, शिवशंकरच्या, साखरपुड्याची तारीख ठरवायला त्या गोरेगावहून कनेरगाव नाक्याला गेल्या, तेव्हा तिथल्या शाळेत कुठल्याशा संशोधनासाठी धडधाकट माणसांचं रक्त घेणं चालू होतं. होणाऱ्या सुनेला त्या लाडानं म्हणाल्या, "चल शिवकन्या, आपण दोघीबी देऊ." सुनेची तपासणी आयतीच होणार होती, तेवढ्यासाठी स्वतःचा दंड पुढं करायला त्यांची हरकत नव्हती.

महिन्याभरानं संशोधन करणारी पल्लवी नाक्याला परत आली. शिवकन्येला म्हणाली, "परक्या साखरेविरुद्ध तुझ्या रक्तात भरपूर अँटिबॉडी आहेत." हे वाक्य एका ओळखीच्या बाईच्या फोनवरून गोरेगावला पोचलं, तोवर त्यात एकच शब्द उरला होता: शुगर.

शालूबाईंनी निरोप धाडला, "सध्या राहू द्या, मुहूर्त जुळून न्हाई राहिला." खरं कारण त्यांनी गल्लीत 'कुणाला सांगू नका' म्हणून सांगितलं, म्हणून ते सगळ्यांना कळलं.

पुढं पल्लवी गोरेगावातही नमुने घ्यायला आली. आपण किती वेळेवर सावध झालो हे दिसावं म्हणून शालूबाईंनी चारचौघींत विचारलं, "काय गं बाई, त्या नाक्याच्या पोरीला शुगर किती निघाली?"

"शुगर? शुगर कुठं तपासली आमी, मावशी!" पल्लवी हसली. "आपल्या पोटातल्या जंतूंच्या अंगावर वेगळीच साखर असते. तिला ओळखणारे पहारेकरी, म्हंजे त्या अँटिबॉडी, रक्तात आपोआप तयार होतात. समद्या धडधाकट माणसांत असतात. तुमच्यातबी निघाले की."

"माझ्यात?"

शेजारच्या नर्मदाबाई पदराआड खुसखुसल्या, "म्हंजे शालूबाई, आता तुमालाबी नापसंत करून माहेरी धाडावं लागतं का काय!"

शालूबाईंचे कान तापले. दुसऱ्या दिवशी त्या जीपनं नाक्याला निघाल्या. वाटेत त्यांनी झालेल्या चुकीची वाटणी केली: थोडी फोनवाल्या बाईची, थोडी पल्लवीच्या अवघड बोलण्याची. त्यांच्या स्वतःच्या वाट्याला फारसं काही येत नव्हतं.

शिवकन्या दारात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. "या काकू," ती म्हणाली. मागच्या खेपेला 'आत्याबाई' म्हणाली होती.

"पोरी, गैरसमज झाला. तुला शुगर न्हाई. आता तारीख काढू."

शिवकन्येचे हात थांबले नाहीत. "अन् असती तर?"

शालूबाईंनी वाटेत केलेली वाटणी मोडली. सगळी चूक एकटीच्या पदरात आली.

"माझ्या आईला हाय शुगर," शिवकन्या म्हणाली. "माझ्या बापानं काय तिला सोडलं न्हाई. तुमच्या शिवशंकरला सांगा, राग न्हाई. पण मी येत न्हाई."

'माफ कर' एवढंच म्हणायचं होतं. शालूबाईंच्या तोंडून भलतंच निघालं: "शेंगा चांगल्या भरल्या औंदा."

"व्हय," शिवकन्या म्हणाली, आणि दोन ओंजळी शेंगा उचलून तिनं त्यांच्या पिशवीत घातल्या. पिशवी धरायला शालूबाईंनी हात पुढं केला, पण मान काही त्यांना वर करता आली नाही.