धुळाच्या डाव्या हाताखाली

गुरुवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी हंबीररावांच्या बंगल्याचं फाटक उघडलं आणि एक लांबलचक चंदेरी गाडी आवाज न करता आत आली. साल शहाण्णव. तेव्हापासून माझ्या जिवाला जी टोचणी लागली, ती आजवर गेलेली नाही.

मी गिअरची दांडी बोलतेय. साताऱ्यात गोडोलीच्या अंगाला, ह्याच बंगल्याच्या अंगणात पत्र्याची शेड आहे, तिच्यात एक लाल गाडी उभी असते, तिच्यातली मी. दिसायला वीतभर लोखंड. पण माझ्या पायाखाली गिअरबॉक्स आहे, त्यात दातेरी चाकं एकमेकींत अडकून बसलेली असतात. इंजिनात घोड्याची ताकद असली तरी ती कधी सोडायची, कधी आवरायची, हे मी आणि मला धरणारा हात मिळून ठरवतो. हात चांगला असेल तर मी लोण्यासारखी सरकते. वाईट असेल तर करकर ओरडते. सासरी दिलेल्या पोरीसारखंच माझं आहे. कुणाच्या हाती पडते त्यावर सगळं.

मला धुळाचा हात मिळाला, हे माझं नशीब.

हंबीरराव म्हणजे रस्त्यांची कामं घेणारे कंत्राटदार. त्यांना वेगाचा भारी नाद. ही गाडी त्यांनी जुनी घेतली आणि केरबा मिस्त्रीकडून तिच्यात मोठं इंजिन बसवून घेतलं. मग दर रविवारी उजाडता उजाडता त्यांचे चार मित्र आपापल्या गाड्या घेऊन यवतेश्वरच्या घाटाच्या पायथ्याला जमायचे. हातातल्या घड्याळावर वेळ लावायची आणि एकेकानं वर जायचं. मालक शेजारी बसायचे आणि गाडी चालवायचा धुळा.

धुळा जतकडचा. घरात मेंढरं. लहानपणी ओरडण्यावरून मेंढरू ओळखायचा. दुखणं यायच्या आधी मेंढराचा आवाज बदलतो, असं तो सांगायचा. इंजिनचंही त्यानं तसंच ओळखलं. चढाला इंजिन कण्हायच्या आत त्याचा हात माझ्यावर यायचा. माझ्याकडे त्यानं कधी खाली वाकून बघितलं नाही. बघावं लागलंच नाही. सगळ्या मित्रांत आमचीच वेळ कमी यायची.

त्याची बायको अपेक्षा. सातवी झालेली, चटपटीत, पण जिवाला घोर लावून घेणारी. शेडच्या मागच्या खोलीत दोघं राहायची. मुलगा झाला, बिरू, तेव्हा तिनं त्याच्यासाठी हिरव्या लोकरीची टोपी विणली आणि उरलेल्या लोकरीची एक माझ्या डोक्यावरच्या गोळ्यासाठीही विणली. घाटाच्या दिवशी धुळा निघाला की ती खिडकीतून हात घालून माझी टोपी नीट करायची आणि म्हणायची, "माणूस तुझ्या हातात हाय बग माझं." धुळा हसायचा. मला मात्र त्या बोलण्याचं ओझं व्हायचं.

माणसांच्या सवयी मी जवळून बघितल्या. मालकांचे मुनीम शेजारी बसले की खुशाल माझ्यावर पिशवी अडकवायचे. काही जण काम नसताना हात माझ्यावर टेकवून ठेवतात, त्यानं आतले भाग झिजतात. आणि उतार लागला की पेट्रोल वाचवायला मला न्यूट्रलला टाकून देणारे तर विचारूच नका. धुळा अशांना चारचौघांत बोलायचा, "गड्या, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर. ब्रेक काय तुझा चाकर हाय व्हय?"

आता त्या गुरुवारचं. चंदेरी गाडीतून मालकांचा भाचा दिग्विजय उतरला. सांगलीचा. मुंबईहून परदेशी गाडी घेऊन आला होता.

"मामा, ह्यात गिअर टाकायचाच नाही. क्लचच नाही. नुसतं पळवायचं. दहा वर्षांनी शर्यतीच्या गाड्यासुद्धा अशाच येतील, बघा तुम्ही."

मालकांनी आत डोकावून बघितलं. "मग ड्रायव्हरनं डाव्या हातानं करायचं काय? तंबाखू मळायची?"

सगळे हसले. धुळाही हसला, पण त्याचा डावा हात पँटच्या खिशात गेला.

गाडी मालकांनीच ठेवून घेतली. म्हणाले, "धुळा, रविवारी मालकीणबाईंना हिच्यातनं सांगलीला माहेरी न्यायचं. जमतंय का बघ. न्हाईतर दिग्विजय पुण्यावरनं माणूस देतो म्हणतोय."

माणूस देतो म्हणजे धुळानं जायचं, हे कुणी बोललं नाही. बोलावं लागत नाही.

लगेच अंगणातच परीक्षा. मी शेडमधून बघत होते. मालक चहाचा कप घेऊन मागं बसले, दिग्विजय पुढं. गाडी हलली, दहा पावलं गेली आणि जागच्या जागी अशी थांबली की मालकांच्या पांढऱ्या सदऱ्यावर चहा. परत सुटली, परत गपकन थांबली. तिसऱ्यांदा दिग्विजयचं कपाळ काचेला लागलं.

झालं होतं असं की गाडीनं वेग धरला की धुळाचा डावा पाय आपोआप क्लच शोधायचा. तिथं क्लच कुठला? होता तो रुंद ब्रेक. आणि क्लच दाबतात तसा तो दणकून दाबायचा.

"अरे, बैलगाडी हाकतोस का?" दिग्विजय कपाळ चोळत म्हणाला.

"पाय ऐकत न्हाई, सायेब."

"पाय तुझा, आणि ऐकत नाही?"

मालक सदरा झटकत खाली उतरले. "रविवारपातुर ऐकायला लाव रं त्याला," एवढंच म्हणाले आणि आत गेले.

दुपारी धुळा माझ्या गाडीत येऊन बसला. दार उघडं, एक पाय बाहेर. अपेक्षा बिरूला कडेवर घेऊन आली.

"आवं, जेवला न्हाईसा."

"भूक न्हाई."

"पुण्याचा माणूस आला तर ही खोली त्यालाच देत्याल?"

"मग काय मला देत्याल?"

बिरूनं माझी टोपी धरून ओढली, तिनं त्याचा हात सोडवला. मग म्हणाली, "त्या गाडीत डावा पाय कशाला लागतो?"

"कशालाच न्हाई. तेच तर."

"मग पंगतीत बसल्यावानी दुमडून बसा की. खाली सोडताच कशाला?"

धुळानं तिच्याकडे बघितलं. "ड्रायव्हर मांडी घालून बसलाय, लोक काय म्हणत्याल?"

"लोक काचंतनं तुमची मांडी बगाय येत्यात व्हय?"

तो हसला. चप्पल काढून त्यानं डावा पाय उजव्या मांडीखाली घेतला. तीन दिवस, वेळ मिळेल तेव्हा, तो माझ्या बंद गाडीत असा बसून सराव करायचा. तोंडानं इंजिनचा आवाज काढायचा. आवाज चढला की हात माझ्याकडे यायचा. पार माझ्या टोपीपर्यंत. आणि तिथून तो मागं घ्यायचा, गुडघ्यावर ठेवायचा. पुन्हा यायचा, पुन्हा मागं.

खरं सांगते, त्या तीन दिवसांत माझं मन दोन्हीकडे ओढत होतं. वाटायचं, येऊ दे की हात एकदा, धरू दे मला. लगेच वाटायचं, नको गं बाई, त्याच्या पदरी लेकरू आहे. शनिवारी संध्याकाळी त्याचा हात माझ्याकडे आलाच नाही. अपेक्षानं सुटकेचा श्वास टाकला. मीही टाकला असता, मला श्वास असता तर.

रविवारी चंदेरी गाडी सांगलीला जाऊन आली. कराड, पेठनाका, कुठं धक्का नाही. मालकीणबाई जाताना झोपल्या त्या सांगलीतच जाग्या झाल्या. धुळा उतरला तेव्हा पायाला मुंग्या आल्या होत्या, लंगडत लंगडतच किल्ली द्यायला गेला. मालक म्हणाले, "पाय मोडून आलास का काय?" पण किल्ली त्यांनी त्यालाच परत दिली.

त्या संध्याकाळी धुळानं मला शेडमध्ये अगदी मागं लावलं. जमिनीला उतार आहे, गाडी घरंगळू नये म्हणून पहिल्या गिअरला टाकली आणि गेला. त्याला आता दोन वर्षं होतील. घाटाच्या शर्यती बंद पडल्या. सुरुवातीला तो येऊन कधी चाकांत हवा भरायचा. मग कामं वाढली. मी रागावले नाही. त्याच्या घरात चूल पेटती राहिली.

पण परवा केरबा मिस्त्री आला, बरोबर दिग्विजय. केरबानं बॉनेट उघडलं, वाकून वाकून बघितलं.

"इंजिन लय ताकदीचं हाय, सायेब. ह्याला चंदेरी गाडीवानी बिनगिअरचा डबा बसंल. दांडीचं भोक पत्र्यानं बुजवतो."

"आणि हा जुना गिअरबॉक्स, दांडीसकट?"

"रहिमतपूरचा दादासो शोधतोय असला. घाटात पळवायची गाडी बांधतोय त्यो. पण दात शाबूत असतील तरच घेणार. मोडला असंल तर भंगार."

"सोमवारी घे काढायला," दिग्विजय म्हणाला.

म्हणजे अजून एक गाडी आहे. अजून एक हात आहे, ज्याला मी हवी आहे. हे ऐकून जेवढा आनंद झाला तेवढीच भीती वाटली. कारण मी पहिल्या गिअरमध्ये अडकलेय. क्लच गंजून चिकटलाय. सोमवारी चार गडी येतील, गाडी हलत नाही म्हटल्यावर पहार लावतील, मला हिसका देतील. एका हिसक्यात आतले दात तुटतील. गाडीला मागं-पुढं हलका हिंदकळा द्यायचा आणि नेमक्या त्या क्षणी मला तळहातानं मागं घ्यायचं, म्हणजे मी निघते. ही खुबी एकट्या धुळाला ठाऊक आहे. आणि धुळा पोराबायकोला घेऊन जतला भावाच्या लग्नाला गेलाय. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

म्हणून हे बोलले. जतकडे जाणारं कुणी असेल, एसटीतलं, टँकरवालं, मेंढरं घेऊन निघालेलं, तर एवढा सांगावा पोचवा. धुळाला म्हणावं, चंदेरी गाडी चालव, सुखानं चालव, माझी काही तक्रार नाही. फक्त सोमवारच्या आत एकदा शेडमध्ये ये आणि मला न्यूट्रलला आण. आणि तो नाही भेटला तर अपेक्षाला सांगा. ती त्याला बसू देणार नाही.