नवऱ्याची साक्ष

माझा नवरा साक्ष फार छान देतो, असं आमच्या चर्चच्या मंडळीत जो तो म्हणतो. द्यायलाच हवी, सहा वर्षांत शंभरदा तरी दिली असेल. करून करून भागला आणि देवपूजेला लागला, असं मी मनातल्या मनात म्हणते. पाळकसाहेबांसमोर असल्या म्हणी काढायची सोय नाही.

साक्ष म्हणजे प्रभूनं आपल्याला कसं बदललं ते सगळ्यांसमोर सांगणं. त्याची अशी: मी प्यायचो, बायकोला मारायचो, तिची बोटं मोडली. इथे तो माझा डावा हात धरून वर करतो. करंगळी आणि शेजारचं बोट सरळ होत नाही, ते सगळ्यांना दिसतं. मग म्हणतो, "पण ही बाई एक दिवस घर सोडून गेली नाही. गुडघे टेकून रडत राहिली, म्हणून प्रभूनं मला ओढून आणलं." बायका डोळे पुसतात.

सगळं खरं, एक सोडून. मी गेले होते. बोटं मोडली त्याच दुपारी लेकीला घेऊन बहिणीकडे गेले, ती आठ महिने फिरकले नाही. रिकामं घर खायला उठलं तेव्हा कुठे हा पाळकांच्या दारात उभा राहिला. प्रभूनंच ओढलं असेल, माझाही विश्वास आहे. पण मी गेले नसते तर हा जागचा हलला नसता. एकदा तसं म्हटलं, तर म्हणाला, "ते सांगत बसलं की साक्ष लांबते." माफी त्यानं देवाकडे मागितली आणि देवानं दिलीही. मला कोणी विचारलंच नाही.

मी कपड्यांच्या कारखान्यात इस्त्रीला आहे. शेजारच्या मशीनवर बटणं लावणारी पोरगी, तिला आम्ही बटणवालीच म्हणतो. तिच्या गालावर नवऱ्याच्या हाताचा वळ दिसला त्या दिवशी मी तिच्याशी बोलायला लागले. प्रभूबद्दलही बोलले, कारण माझ्या तसल्या दिवसांत मला दुसऱ्या कोणी धरून ठेवलं नव्हतं. माझं बहिणीकडे जाणं मात्र सांगितलं नाही. नवऱ्याची अब्रू सांभाळायची खोड, दुसरं काय! हळूहळू तिनंच ठरवलं, सोमवारी आईकडे निघून जायचं. कपड्यांची पिशवी आधीच माझ्या घरी आणून ठेवली. म्हणाली, "ताई, जायच्या आधी एकदा तुमच्या उपासनेला येते." मला इतका आनंद झाला की त्या रविवारी साक्ष कोणाची आहे, हे मी विचारलंच नाही.

नवरा उठला. माझा हात वर गेला.

"एक दिवस घर सोडलं नाही हिनं," तो म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "होय ना गं?"

बटणवाली तिसऱ्या रांगेतून माझ्याकडे बघत होती. तोंड उघडायची वेळ तीच होती. समोर पाळक, पहिल्या रांगेत लेक, आणि अंगात मुरलेली सवय. मी मान हलवली.

उपासनेनंतर ती आमच्या घरी आली आणि तिनं पिशवी उचलली.

"तुमचं एवढं झालं तरी तुम्ही थांबलात, ताई. मग मीच कशाला पळते? मीपण प्रार्थना करीन."

नवऱ्याचा चेहरा फुलला. "बघ," तो मला म्हणाला, "आज एक जीव वाचला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मी तिच्यामागे रस्त्यावर धावले. तिचा दंड धरून सगळं सांगितलं: ती दुपार, बहिणीचं घर, आठ महिने. तो खोटं बोलतो आणि मी त्याला साथ देते, हेही सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझ्या काळजीपोटी बोलताय ते कळतं मला," ती म्हणाली. "पण ताई, देवाच्या घरात मान हलवलीत तुम्ही. तिथं कोण खोटं बोलेल?"

माझा हात हळूच सोडवून ती आपल्या नवऱ्याच्या घराकडे चालू लागली.