एकशे सतराची रेघ

सिस्टरांच्या मनात सूड होता आणि तो त्यांनी कुणापासून लपवला नव्हता, फक्त कुणी विचारलंच नाही. एकतीस वर्षं एकाच रुग्णालयात बीपी मोजणाऱ्या बाईच्या मनात काय आहे ते कोण कशाला विचारेल? त्या टेबलाशी बसायच्या, दंडाला पट्टा गुंडाळायच्या, फुगा दाबायच्या, कानात स्टेथो घालून पारा उतरताना बघायच्या आणि आकडा लिहायच्या. विभागप्रमुख डॉक्टर, ज्यांना सगळा विभाग नुसतं 'सर' म्हणायचा, समोरून गेले की सिस्टर उठून उभ्याही राहायच्या. उठताना मनात म्हणायच्या, थांब, तुला चारचौघांत झोपवते.

कारण साधं होतं. सरांनी त्यांच्या दादाला मारलं होतं. कोर्टात ठरायचं तेव्हा ठरो, सिस्टरांच्या लेखी ठरलं होतं.

झालं होतं ते असं. तीन वर्षांपूर्वी सरांनी बीपीच्या एका नव्या गोळीवर संशोधन केलं. पासष्टच्या पुढचे दोनशे बारा पेशंट. प्रत्येकाचं बीपी आधी झोपवून घ्यायचं, मग उभं करून तीन मिनिटांनी पुन्हा घ्यायचं. म्हातारं माणूस उभं राहिल्यावर बीपी धाडकन उतरलं तर चक्कर येते, माणूस पडतो. नवी गोळी असं काही करत नाही ना, हेच तर बघायचं होतं. नियम असा की पाऱ्याचंच मशीन वापरायचं आणि मोजणाऱ्यानं पत्रकाखाली सही करायची.

झोपवलेल्याचे सगळे आकडे सिस्टरांनी घेतले. उभ्याचे घ्यायची वेळ आली की सर म्हणायचे, "राहू द्या सिस्टर, बाहेर रांग लागलीय. उभ्याचं दुपारी रेसिडेंट घेतील." सिस्टरांना बरंच वाटायचं, खोटं कशाला बोला. आणि सह्यांचं म्हणाल तर त्या सोमवारी चहा पितापिताच उरकायच्या. अख्ख्या विभागाची तीच रीत होती. आठवड्याची कोरी पत्रकं पुढ्यात घ्यायची आणि खाली सटासट सह्या ठोकायच्या, म्हणजे ऐन गर्दीत खोळंबा नको. यात काही वावगं आहे असं त्या टेबलावर आजवर कुणालाच वाटलं नव्हतं.

संशोधन छापून आलं. सरांचा सत्कार झाला. विद्यार्थ्यांच्या वर्गात ते शिकवलं जायला लागलं, की ही गोळी म्हाताऱ्यांना निर्धोक. आणि सिस्टरांचा थोरला भाऊ, घड्याळं दुरुस्त करणारा, जुन्या गोळीनं पाय सुजतात म्हणून कुरकुरत होता, त्याला सिस्टरांनी स्वतः सांगितलं, "दादा, ही नवी घे. माझ्या हातचं काम आहे ते." दादानं घेतली. सहाव्या दिवशी दारावरची बेल वाजली, दादा खुर्चीतून उठला, चार पावलं चालला आणि उंबऱ्यावर कपाळमोक्ष. तिसऱ्या दिवशी गेला.

त्या तीन दिवसांत सर एकदा वॉर्डात आले. केसपेपर चाळला, गोळीचं नाव वाचलं, पान उलटलं. मग वहिनीकडे वळून अगदी मायेनं विचारलं, "घरात फरशी ओली होती का हो?"

दादा पडला त्याच्या जरा आधीच वहिनीनं फरशी पुसली होती. रोजच पुसायची.

"तेच," सर म्हणाले, "या वयात पाय घसरतो."

एवढं बोलून ते पुढच्या खाटेकडे गेले. आणि वहिनीच्या डोक्यात जे बसलं ते बसलंच. तेराव्या दिवसानंतरही ती फरशीवर बसून कोरड्या फडक्यानं पुसत राहायची. पाहुणे आले तरी उठायची नाही. "मीच मारलं वन्सं," म्हणायची, "दहा मिनिटं थांबून पुसली असती तर काय बिघडलं असतं." हे ऐकलं की सिस्टरांच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

कारण सिस्टरांना संशय होता. दादा घसरला नव्हता. वॉर्डात आणला तेव्हा त्याचे पायमोजे कोरडे होते, त्यांनीच ते काढले होते.

जेवणाच्या सुटीत त्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊन बसायला लागल्या. तिथले काका त्यांच्याच वयाचे, विचारपूस न करणारे. त्यांनी दोनशे बारा पत्रकांचे गठ्ठे काढून दिले. पाच दिवस सिस्टरांनी डबा न उघडता पानं उलटली. पहिले चार दिवस काही सापडेना. आकडे कसे अगदी शहाण्यासारखे. झोपून एकशे छत्तीस, उभं राहून एकशे एकोणतीस. झोपून एकशे चोवीस, उभं राहून एकशे सतरा.

पाचव्या दिवशी त्यांचं बोट त्या सतरावर थांबलं.

एकशे सतरा? पाऱ्याच्या मशीनला एकशे सतराची रेघच नसते. त्यावर दोन-दोनच्या रेघा असतात. एकशे सोळा, एकशे अठरा. एकतीस वर्षांत सिस्टरांच्या हातून विषम आकडा लिहिला गेला नव्हता, कारण लिहिणार कुठून? त्यांनी परत पहिल्या पानापासून सुरुवात केली. झोपलेल्याच्या रकान्यात, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या हातच्या, एक आकडा विषम नव्हता. उभ्याच्या रकान्यात निम्मे विषम. एकशे तेरा, एकशे एकवीस, एकशे सत्तावीस. खुर्चीत बसून, आकडे खरे वाटावेत म्हणून असे वाकडेतिकडे लिहिलेले, आणि तेही रेसिडेंटच्या नव्हे, सरांच्या अक्षरात. पाऱ्याच्या मशीनला सरांनी गेल्या वीस वर्षांत हात लावला नव्हता ना. त्यांच्या खासगी खोलीत आकडा पडद्यावर दाखवणारं मशीन होतं, त्यावर सतराही येतात आणि एकोणीसही. म्हणजे उभं कुणाला केलंच नव्हतं. दोनशे बारा माणसं कागदावर उभी राहिली होती.

सिस्टर रडल्या नाहीत. त्यांना हसू आलं. काकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आजच वर कळवा," काका म्हणाले.

"आज कळवलं तर बंद खोलीत मिटवतील," सिस्टर म्हणाल्या. "चहा पाजतील, माझी बदली करतील आणि पत्रकं उंदरांनी खाल्ली म्हणतील. मला हा माणूस उजेडात हवाय, काका. त्याच्याच तोंडून."

आणि तशी संधी येणार होती. ही गोळी सगळ्या सरकारी दवाखान्यांत द्यायची असं घाटत होतं, त्यासाठी बाहेरून तीन डॉक्टर तपासणीला यायचे होते, मोठ्या सभागृहात, शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर. त्याला नऊ आठवडे होते. सिस्टरांनी नऊ आठवडे पोटात ठेवलं. सरांना रोज नमस्कार केला. एकदा तर त्यांच्या मुलीच्या लग्नाचे पेढेही खाल्ले, आणि गोड लागले असं म्हणाल्या. शेवटच्या आठवड्यात सर स्वतःच टेबलाशी आले. "सिस्टर, मोजमाप किती काटेकोर झालं त्यावर तुम्ही दोन शब्द बोला. तुमच्यासारखी जुनी माणसं बोलली की वजन पडतं."

"बोलते की," सिस्टर म्हणाल्या.

सभेच्या दिवशी त्यांनी वहिनीला सोबत आणलं आणि दुसऱ्या रांगेत बसवलं. कशासाठी ते सांगितलं नाही. आपल्या डोळ्यांनी बघू दे, एवढंच त्यांच्या मनात होतं. तपासणीसांच्या मध्यभागी एक पिकल्या केसांच्या डॉक्टरीणबाई होत्या, कमी बोलणाऱ्या, हातात पेन्सिल धरून बसलेल्या.

सिस्टर पुढे गेल्या त्या पाऱ्याचं मशीन घेऊनच. टेबलावर ठेवलं, झाकण उघडलं, बाही वर केली.

"मी बोलण्यापेक्षा सरांनीच करून दाखवावं," त्या म्हणाल्या. "मुलांनाही बघायला मिळेल."

सर हसले. मुलांसमोर नाही कसं म्हणणार? पट्टा बांधला, फुगा दाबला, पारा उतरताना मान वाकवून बघितलं. "एकशे बावन्न," ते म्हणाले. "सिस्टर, तुम्हालाच गोळी सुरू करायला हवी." मागच्या बाकांवर हशा पिकला.

"नीट बघितलंत ना, सर? एकशे त्रेपन्न तर नव्हतं?"

"त्रेपन्न कसं असेल? इथं त्रेपन्नची रेघच नाही. रेघा दोन-दोनच्या असतात." हे त्यांनी मुलांकडे बघून, शिकवण्याच्या सुरात सांगितलं.

"तेवढंच तुमच्या तोंडून हवं होतं," सिस्टर म्हणाल्या, आणि पिशवीतून पत्रकांच्या प्रती काढून तिघा तपासणीसांपुढे ठेवल्या. विषम आकड्यांना त्यांनी लाल गोल केले होते. एकशे चार गोल.

हशा कुठल्या कुठे गेला. डॉक्टरीणबाईंनी एक पान बघितलं, दुसरं बघितलं, मग पेन्सिल खाली ठेवली.

सरांच्या तोंडचं पाणी पळालं, पण माणूस पक्का. "सरासरी असेल," ते म्हणाले. "दोनदा मोजून सरासरी काढली की विषम येतो."

"उभ्याला एकच रकाना आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्याच नियमात एकदा मोजायचं असं लिहिलंय."

"मग मोजणाऱ्याला विचारा," सर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "प्रत्येक पानाखाली सही कुणाची आहे बघा. मी विश्वासानं सही पाहून पुढे गेलो. आकडे यांचे, सही यांची."

हे येणार हे सिस्टरांना ठाऊक होतं. नऊ आठवडे त्या याच वाक्याची वाट बघत होत्या. "सही माझीच," त्या म्हणाल्या. "सोमवारी चहाबरोबर, कोऱ्या कागदांवर करायचे. ती माझी चूक आहे. मला काढा, माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन रद्द करा, खटला भरा, माझी ना नाही. पण आकड्यांचं अक्षर कुणाचं ते या मुलांना विचारा. त्यांच्या वह्या हेच तपासतात."

पहिल्या बाकावरच्या मुलीनं पान हातात घेतलं, बघितलं आणि मान खाली घातली. त्यापुढे सांगायला काही उरलं नाही. सर खुर्चीत बसले ते उठलेच नाहीत. सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या, मनसोक्त. गेल्या वर्षभरात त्यांना इतकं बरं वाटलं नव्हतं. दादा, बघतोयस ना, असं त्या मनात म्हणाल्या, आणि मग वहिनीकडे वळल्या.

"वहिनी, ऐकलंस ना? फरशी नव्हती. गोळी होती. तुझा काही दोष नव्हता."

वहिनी उभी राहिली होती. तिचं सरांकडे लक्षच नव्हतं.

"हे तुम्हाला कधी कळलं, वन्सं?"

"कळलं ना आता सगळ्यांना."

"तुम्हाला कधी कळलं?"

"नऊ आठवडे झाले," सिस्टर म्हणाल्या.

"नऊ आठवडे." वहिनीनं ते हळू आवाजात म्हटलं, जणू हिशोब नीट लागावा म्हणून. "तुम्ही दर रविवारी माझ्याकडे यायचात. मी फरशी पुसत बसलेली असायचे. तुम्ही चहा करून द्यायचात मला."

"तुला सांगितलं असतं तर तू बोलली असतीस कुठंतरी. मग हा सुटला असता. मला याला असा धरायचा होता, सगळ्यांसमोर."

"आणि गोळी? ती बंद केली होती का सगळ्यांची?"

सिस्टरांनी या प्रश्नाची तयारी केली नव्हती. सरांच्या प्रत्येक वाक्याला उत्तर तयार होतं, सही, अक्षर, रकाना, सगळं. "ज्यांना जमलं त्यांना मी टेबलाशी हळूच सांगितलं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांना सांगितलं असतं तर त्याच्या कानावर गेलं असतं."

"म्हणजे बाकीचे घेत राहिले."

"हो."

डॉक्टरीणबाईंनी पेन्सिल पुन्हा उचलली होती. वहिनी दोन पावलं पुढे आली. ती रागावलेली दिसत नव्हती, आणि तेच सिस्टरांना सोसवेना.

"कुणी पडलं का या नऊ आठवड्यांत?"

खोटं बोलता आलं असतं. सभागृहातल्या एकाही माणसाला पडताळा घेता आला नसता. पण सिस्टरांचा हात एकतीस वर्षं खरा आकडा लिहीत आला होता.

"दोघं," त्या म्हणाल्या. "मंगळवारी येणाऱ्या एक शिवणकामवाल्या बाई, त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. आणि एक निवृत्त पोस्टमन. ते परवा गेले. डोक्याला मार लागला होता."

सर मान वर करून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली होती, आपल्याबरोबर आणखी कुणी बुडतंय हे दिसल्यावर येते तशी. सिस्टरांनी ती बघितली, पण आता त्याचं काही करायला त्यांच्यात त्राण नव्हतं.

"पोस्टमनच्या बायकोला काय सांगितलं?" वहिनीनं विचारलं.

"मी भेटले नाही."

"मग तिलाही वाटत असेल, आपणच काहीतरी केलं."

वहिनीनं खुर्चीवरची आपली पर्स उचलली आणि खांद्याला लावली.

"पत्ता आहे तुमच्याकडे?"

"केसपेपरवर आहे."

"मग चला," वहिनी म्हणाली. "आत्ताच जाऊ. सांगणार तुम्ही, मी नुसती शेजारी बसेन."