इन्स्पेक्टर विहिरीपाशी थांबतो

टीव्हीवरची ती मालिका सुरुवातीला चांगली होती, हे मी खात्रीने म्हणतो. एवढी खात्री मला फार थोड्या गोष्टींची असते. इन्स्पेक्टर प्रेताजवळ गप्प उभा राहायचा, आजूबाजूला पाहायचा, आणि त्या पाहण्यातून गुन्हा उलगडायचा. पुढे वर्षानुवर्षं चालून तिच्यातला जीव गेला. इन्स्पेक्टर येतो, कुणाच्या तरी थोबाडीत मारतो, तो माणूस रडत कबूल करतो. झालं.

बारामतीच्या कॉलेजातलं ग्रंथपालाचं काम संपल्यावर मी इंदापुरात राहायला आलो. दर मंगळवारी संध्याकाळी शेजारच्या प्रयागबाई मालिका ऐकायला माझ्याकडे येत. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. संवाद त्या ऐकत. बोलणं थांबलं की पडद्यावर काय दिसतंय ते मी सांगायचं, असं ठरून गेलं होतं. त्यांचे दीर दत्तोबा त्यांना घेऊन येत आणि संपेपर्यंत दारात विडी ओढत बसत.

प्रयागबाईंचे यजमान आप्पासाहेब मळ्यातल्या विहिरीत बुडून गेले होते. पाय घसरला, असं दत्तोबांनी सांगितलं. त्या वेळी तिथे दत्तोबांशिवाय दुसरं कुणी नव्हतं. प्रयागबाईंना ते कधी पटलं नाही. पण जेवणाचं ताटसुद्धा ज्याच्या घरातून यायचं, त्याला विचारणार काय?

"तात्या, ह्यो पोलीस आता कुणाला काय इचारतच न्हाय," त्या एकदा म्हणाल्या. "लिवणाऱ्याला झोप लागलीया जणू."

"मग गाणी लावा की," दत्तोबा दारातून म्हणाले. "हितं नुसती रडारड."

मला मात्र लाज वाटली, जणू ते मीच लिहिलं होतं. तेव्हापासून गप्प प्रसंगांत मी थोडं पदरचं घालू लागलो. इन्स्पेक्टर वाकलाय, खिडकीची कडी निरखतोय, असं काहीबाही. पडद्यावर तो नुसता जीपमधून उतरत असे. प्रयागबाई खूश होत. हे बरं की वाईट, ते मला ठरवता येत नसे.

एप्रिलातल्या एका मंगळवारी गोष्ट विहिरीची निघाली. प्रेत वर काढलं. संगीत थांबलं.

"काय दिसतंय?"

"इन्स्पेक्टर काठावर थांबलाय. तिथे चपला आहेत. शेजारी शेजारी, नीट काढून ठेवलेल्या."

चपला नव्हत्या. त्या माझ्या तोंडात कुठून आल्या, मला आजही सांगता येत नाही.

"डाव्या चपलेला तार बांधलीया," प्रयागबाई हळू आवाजात म्हणाल्या. "अंगठा तुटलाय म्हणून."

तेवढ्यात लाईट गेली. आवाज आधीच थांबलेला, त्यामुळे त्यांना ते कळलं नाही.

"आता?"

मी सांगायला हवं होतं. पण टीव्हीच्या काळ्या काचेत माझ्या मागचं दार उमटलं होतं, बाहेरच्या उरल्यासुरल्या उजेडासकट, आणि सवयीने मी दिसेल ते सांगत गेलो.

"दारात एक माणूस आहे. बसला होता. आता उभा राहिला."

"काय करतुया?"

"आपल्याकडे बघतोय."

"वैनी, लाईट गेलीया कवाची," दत्तोबा म्हणाले. "चला घरी."

प्रयागबाई हलल्या नाहीत. "मग तात्या कुणाला बघत व्हते, भावजी?"

दत्तोबांच्या विडीचा ठिपका तेवढा काचेत लाल दिसत होता.

लाईट आली. थोबाडीत मारल्याचा आवाज झाला आणि बंगल्यावरचा आचारी रडत रडत कबूल झाला.

"बघा, आचाऱ्यानं ढकललं," दत्तोबा म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "मिटलं. उठा आता."

"लिवणाऱ्यानं कसं बी मिटवलंय त्ये," प्रयागबाई म्हणाल्या. "तात्या, टीव्ही बंद करा. चपला काढून ठिवल्यावर त्या माणसाचं काय झालं, त्ये तुमी सांगा."

मी टीव्ही बंद केला. मला काहीच ठाऊक नव्हतं. मी त्या मळ्यात कधी गेलोही नव्हतो. तरी पहिलं वाक्य जिभेवर तयार होतं, आणि त्याच्या मागे दुसरंही. दत्तोबा उंबरा ओलांडून आत आले.

मी सांगायला लागलो.