आयडाचा रकाना

अकादमी पुरस्कारांच्या नामांकनांची यादी स्टुडिओच्या प्रसिद्धी खात्यात आली तेव्हा ऑरिन व्हेलनने ती आधी उभ्याने वाचली, मग खुर्ची ओढून बसून वाचली. आयडा फेन्विकचं नाव कुठेच नव्हतं.

"काय प्रोफेसर, चेहरा का पडलाय?" खातेप्रमुख लूमिसने विचारलं. खात्यात पुस्तकं वाचणारा ऑरिन एकटाच, म्हणून त्याचं नाव प्रोफेसर पडलं होतं. "आपल्या स्टुडिओची तीन नावं आलीत. संध्याकाळी शॅम्पेन आहे."

"आयडाचं नाही आलं."

"येणार कसं? तिला तू नायिकांच्या रांगेत नेऊन उभं केलंस. आमची स्वयंपाकीण उभी केली असतीस तरी तेवढीच मतं पडली असती." लूमिस स्वतःच्याच विनोदावर हसला. "मी तुला विचारलं होतं. होतं की नाही?"

विचारलं होतं. दर वर्षी स्टुडिओ आपल्या नटनट्यांची नावं अकादमीला कळवायचा, आणि कोण प्रमुख भूमिकेत, कोण सहाय्यक, हे स्टुडिओच ठरवायचा. एकदा कळवलं की सगळी नावं छापून मत देणाऱ्यांकडे जायची, आणि मत देणाऱ्यालाही तो रकाना बदलता येत नसे.

आयडाचा जन्म मावश्या, मोलकरणी आणि खाणावळवाल्या करण्यात गेला होता. 'वायलीचा पूल' हा छोटासा कृष्णधवल सिनेमा. एका मोठ्या सिनेमाचे सेट मोडायच्या आधी त्यांच्यावरच तो घाईघाईने उरकलेला. त्यात पुलावर टोल घेणारी विधवा आयडाने केली होती. शेवटी ती स्वतःच्या मुलाला पोलिसांच्या हवाली करते, परत आपल्या खिडकीत येऊन बसते, आणि पुढची गाडी आली तशी टोलसाठी हात बाहेर काढते. त्या एका हातासाठी ऑरिन तो सिनेमा पुन्हा पुन्हा पाहून आला होता. इतर फारसं कुणी गेलं नव्हतं.

"मला सहाय्यकमध्येच घाल हं," नाताळात आयडा त्याला म्हणाली होती. "तिथे मला सगळे ओळखतात. मार्चमध्ये करार संपतोय. नामांकन मिळालं तर ठेवून घेतील."

तो हो म्हणाला होता. आणि लूमिसने विचारलं तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "प्रमुख. सिनेमा तिचाच आहे." इतक्या ठामपणे तो आजवर कधी कुणाशी बोलला नव्हता. हे आयडाला सांगायचं राहून गेलं. राहून गेलं, असं तो मनाशी म्हणे. खरं तर धीर झाला नव्हता.

दुपारी तो तिच्या घरी गेला. तिने केस बसवून घेतले होते. ओट्यावर लिंबाचा केक निवत ठेवलेला होता.

"फोन न करता स्वतः आलास, म्हणजे नाही मिळालं," ती म्हणाली. "आत ये. टोपी काढ. मयताला आल्यासारखा उभा राहू नकोस."

"आयडा, ऐक..."

"आधी वाच. सहाय्यकमधल्या पाच जणी."

त्याने वाचलं. प्रत्येक नावाला ती मान हलवत होती. "ही चांगलीच आहे. हीसुद्धा. ही जरा जास्तच रडते, पण असू दे." पाचवं नाव झाल्यावर तिने सुरी घेतली आणि उगाच फडक्याने पुसत बसली.

"म्हणजे त्यांनी पाहिलं आणि त्यांना नाही आवडलं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, तो हात तरी... जाऊ दे. आपल्याच लोकांची मतं. त्यांना कळतं."

करार जाईल, हे ऑरिनने धरलं होतं. पण आपलं काम कमी पडलं असं ती समजेल, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. आता गप्प राहिलं की झालं. ती फ्रेझ्नोला बहिणीकडे निघून जाईल आणि त्याला दर नाताळात कार्ड पाठवील.

"त्यांनी तुला नाकारलं नाही," तो म्हणाला. "तू त्या यादीत नव्हतीसच. तुला प्रमुखमध्ये घातलं होतं."

"कुणी? लूमिसने?"

"मी. त्याने विचारलं, मी सांगितलं."

"आणि मी तुला काय सांगितलं होतं?"

"सहाय्यक."

"मग? कान फुटलेत तुझे?"

"सिनेमा तुझा होता. तुला मावश्यांमध्ये बसवायचं म्हणजे मला अपमान वाटला."

"कुणाचा? माझा की तुझा?"

त्याने यादीची घडी घातली.

"त्याच मावश्यांनी मला जगवलंय, ऑरिन. तुला शौर्य दाखवायचंच होतं, तर स्वतःच्या नोकरीवर दाखवायचंस." तिने सुरी खाली ठेवली. मग म्हणाली, "दुसरी यादी वाच."

त्याने नायिकांची नावं वाचली. या बायकांचे चेहरे सनसेट बुलेवारच्या रस्त्यावर जाहिरातींच्या फलकांवर इमारतीएवढे उभे असत. ऐकता ऐकता आयडाची पाठ ताठ झाली. हनुवटी जराशी वर आली.

"सगळ्यांकडे गेलेल्या यादीत मी यांच्याबरोबर होते? छापलेली?"

"हो."

तिने यादीतल्या एका नावावर बोट ठेवलं. "हिच्याबरोबरसुद्धा?"

"हिच्याबरोबरसुद्धा."

तिच्या चेहऱ्यावर जे आलं, ते कुठल्याही सिनेमात कुणी तिला करायला दिलं नव्हतं. ऑरिनला आनंद झाला. अगदी आतून झाला. आणि पाठोपाठ त्याला स्वतःची शिसारी आली. हेच पाहायचं होतं आपल्याला, म्हणून तिचा मार्चमधला करार पणाला लावला.

"हसू नकोस," आयडा म्हणाली.

"मी हसलो नाही."

"आतून हसलास. कॅमेऱ्यापुढे म्हातारी झालेय मी. मला दिसतं." तिने केकचा एक तुकडा कापला आणि बशी स्वतःपुढे ओढली. "आता ऊठ. लूमिसकडे जा आणि माझा करार वाढवायला सांग. तुझ्या तोंडाने सांग. तुला ठाम बोलता येतं, हे आता कळलंय."

तो स्टुडिओत परतला तेव्हा खात्यात शॅम्पेनच्या बाटल्या उघडल्या होत्या. टोपी हातात धरून तो लूमिसच्या टेबलापुढे उभा राहिला.

"लूमिससाहेब, आयडाचा करार..."

आवाज नेहमीचाच निघाला, शेजारच्यालाही ऐकू न जाणारा.

"काय पुटपुटतोयस, प्रोफेसर? ग्लास घे."

ऑरिनने ग्लास घेतला नाही. घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागला.